पूर ओसरल्यावर खिडक्या: चिपळूणच्या घरातली नोंदवही

२५ जुलै २०२१, रविवार

वही वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचली. मुलाची गणिताची जुनी वही आहे, मागची पानं कोरी. घरातली कामं वाटून घेतली, त्यात खिडक्या माझ्याकडे आल्या. जे करेन ते इथे लिहून ठेवते.

गुरुवारी, २२ तारखेला पहाटे पाणी अंगणात आलं आणि उजाडेपर्यंत माजघरात शिरलं. घाटमाथ्यावरून वाशिष्ठी नदीत उतरणारा लोंढा आणि खाडीकडून चढणारी भरती, दोन्ही एकाच वेळी. २३ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला म्हणतात. ते सगळं कुठे उतरणार होतं? २६ जुलै २००५ च्या पुराची रेघ सासऱ्यांनी पुढच्या दाराच्या चौकटीवर खिळ्याने कोरून ठेवली आहे, जमिनीपासून ३ फूट ९ इंच. या वेळचा चिखलाचा पट्टा टेपने मोजला: ६ फूट २ इंच. खिडक्या जमिनीपासून अडीच फुटांवर सुरू होतात आणि साडेसहा फुटांवर संपतात. म्हणजे वरचे चार इंच तेवढे कोरडे राहिले.

खालच्या मजल्यावर लाकडी खिडक्या सहा. घर १९५८ चं, चौकटी आणि दारं सागवानी. प्रत्येक खिडकीला दोन दारं, प्रत्येक दाराला एकाखाली एक तीन काचा. एकूण ३६. त्यातल्या ११ फुटल्या, ४ तडकल्या, २१ शाबूत. मागच्या खोलीत २०१२ साली बसवलेली ॲल्युमिनियमची एक सरकती खिडकी आहे. तिच्या काचा धड आहेत, पण ती जागची हलत नाही.

एक गोष्ट आज नीट पाहिली. पुढच्या दोन खिडक्यांच्या काचांचे तुकडे घरात पडलेत, मागच्या बाजूचे बाहेर, अंगणातल्या चिखलात. पुढून प्रवाहाबरोबर आलेल्या फळकुटांनी काचा फोडल्या. मागच्या काचा आपल्याच कपाटाने फोडल्या. ते पाण्यावर तरंगलं आणि आतून खिडकीवर आपटत राहिलं. नुसत्या पाण्याच्या दाबाने गेलेली काच मला एकही सापडली नाही. आतबाहेर पाणी सारखं चढलं की काचेवर दोन्हीकडून सारखाच भार येतो. यापुढे कपाटं भिंतीला बांधून ठेवायची.

२६ जुलै, सोमवार

कशालाही हात लावण्याआधी प्रत्येक खिडकीचे तीन फोटो काढले: पूर्ण, खालचा भाग, फुटलेली काच. पंचनाम्याला लागतील. खडूने चौकटींवर नंबर टाकले, ख१ ते ख६. दारांना डावं आणि उजवं.

भाऊजींचा पुण्याहून फोन आला. ते म्हणाले, "वहिनी, हे लाकूड आता गेलं. सगळं काढून टाका, ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवू, निम्मे पैसे मी देतो." त्यांनी मनापासून सांगितलं, काळजीनेच सांगितलं. दुपारी भंगारवालाही दारात उभा राहिला आणि त्याने सहाही खिडक्यांचा उक्ता भाव सांगितला. आई (माझ्या सासूबाई) जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होत्या. त्यांच्या लग्नाच्या आधीपासूनच्या या खिडक्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण भंगारवाला जाईपर्यंत उठल्याही नाहीत.

मी भाऊजींकडे दिवाळीपर्यंतची मुदत मागितली. सागवान दोन दिवस पाण्यात राहिल्याने सडत नाही. ओलं राहून महिनोन्‌महिने कोंडलं गेलं तर सडतं. हे मला सुतारमामांनी २००५ च्या पुरानंतर सांगितलं होतं आणि तेव्हाच्या खिडक्या सोळा वर्षं टिकल्या, हे माझ्या डोळ्यांसमोर आहे.

२८ जुलै, बुधवार

दारं उतरवायला घेतली. सगळी फुगलेली, चौकटीत गच्च अडकलेली. ह्यांनी एकदा पहारीने रेटून पाहिलं तेव्हा ख३ च्या दाराचा कोपऱ्याचा सांधा उघडला. तिथेच थांबलो. मग बिजागऱ्यांचे स्क्रू काढून बिजागरीच्या बाजूने दार बाहेर घेतलं, तसं ते सुटलं. गंजलेल्या स्क्रूंच्या डोक्यातली खाच आधी टोकदार खिळ्याने साफ करायची, थेंबभर तेल सोडायचं, अर्धा तास थांबायचं. नाहीतर खाच चेपते आणि स्क्रू तिथेच राहतो.

तडकलेल्या काचांवर आधी दोन्ही अंगांनी चिकटपट्टी लावली, आडवी, उभी आणि तिरपी. जाड हातमोजे, पूर्ण बूट, डोळ्यांना चष्मा. तुकडे गोणपाटात गुंडाळून वर "काच" असं मोठ्या अक्षरांत लिहिलं, कारण चिखलाचा ढीग उचलणारी मुलं नुसत्या हातांनी उचलतात. मुलाला आणि ह्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन आणलं. लेप्टोच्या (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळ्या सगळ्यांच्या चालूच आहेत.

धुण्याचा क्रम: आधी साध्या पाण्याने गाळ काढायचा, मग साबण आणि काथ्याचा ब्रश, शेवटी ब्लीचिंग पावडरचं पाणी, दहा मिनिटांनी पुन्हा साधं पाणी. ब्लीचिंग लोखंडावर आणि ॲल्युमिनियमवर राहू द्यायचं नाही, धातू खातं. आणि संडास धुवायचं ॲसिड त्यात कधीच मिसळायचं नाही, विषारी वायू सुटतो. शेजारच्या घरात आज नेमकं तेच करायला निघाले होते. मी धावत जाऊन थांबवलं.

१ ऑगस्ट, रविवार

आजचा दिवस सरकत्या खिडकीचा. बाहेरून पाहता तिला काही झालेलं नाही. पल्ले उचलून काढले आणि चौकटीचा खालचा भाग पाहिला, तर रुळांमधल्या खाचांत गाळ घट्ट बसलेला, सिमेंटसारखा. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आतून पोकळ असतात. स्क्रूच्या भोकांतून गढूळ पाणी आत शिरलं, पाणी निघून गेलं आणि गाळ राहिला. एक पल्ला उभा करून आपटला तर आत वाळू खुळखुळते.

चौकटीच्या बाहेरच्या अंगाला खाली तीन बारीक भोकं असतात, पावसाचं पाणी निघून जाण्यासाठी. तिन्ही बुजलेली. खराट्याच्या काडीने मोकळी केली. पल्ल्यांच्या कडेच्या केसाळ पट्ट्या काढून फेकल्या, त्यांतला गाळ धुऊन निघत नाही. नव्या मीटरवर मिळतात. चाकं जाम झालेली, ती बदलावी लागणार. काचेभोवतीचं रबर साबणाच्या पाण्यात टाकून परत बसवलं, ते चांगलं आहे. पोकळ पट्ट्यांमधला गाळ मात्र पल्ला पूर्ण खोलल्याशिवाय निघणार नाही. चारही कोपऱ्यांचे स्क्रू लोखंडी होते आणि प्रत्येकाभोवती ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी जमली होती. दोन वेगळे धातू ओल्यात एकत्र राहिले की असं होतं. स्टेनलेसचे घालायचे.

या एका खिडकीला पूर्ण दिवस गेला. सरकती खिडकी पुरात टिकते हे खरं, पण तिचं काम कमी असतं असं मला आज वाटलं नाही.

८ ऑगस्ट, रविवार

शाळेच्या सहकाऱ्याकडून लाकडातली ओल मोजायचं यंत्र मिळालं, दोन सुया टोचायच्या आणि आकडा वाचायचा. खालच्या सगळ्या दारांवर आकडा २८ च्या पुढे. या यंत्राला त्यापुढचं मोजताच येत नाही. मग वरच्या मजल्यावरच्या खिडकीला सुया टोचल्या: १७. ती खिडकी त्याच सागवानाची, त्याच वर्षीची, पुराचं पाणी न लागलेली. पुस्तकातला आकडा शोधत बसण्यापेक्षा हे बरं. खालची दारं वरच्यांच्या बरोबरीला येतील तेव्हा ती वाळली असं धरायचं.

बारा दारं वरच्या खोलीत आडवी रचली. दोन दारांमध्ये एकसारख्या जाडीच्या तीन पट्ट्या, पट्ट्या एकावर एक ओळीत, सगळ्यात वर दोन चिरे वजनाला. ओळ चुकली की दाराला बाक येतो. पंखा समोरच्या भिंतीकडे तोंड करून, थेट दारांवर नाही. ऊन पडलं तरी बाहेर काढायची नाहीत. एक बाजू भराभर वाळली की लाकूड पिळवटतं.

चौकटी मात्र भिंतीतच आहेत आणि खरी ओल तिथे आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या. चिरा स्पंजासारखा पाणी धरतो आणि चौकटीला पाजत राहतो. खिडकीभोवतीचा ऑइलपेंट चारही बाजूंनी वीतभर खरवडून काढला, म्हणजे भिंतीला श्वास मिळेल. खरवडताना मास्क आणि ओलं फडकं, कारण इतक्या जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडा घासून त्याची धूळ घरात उडवायची नाही. मोकळ्या खिडक्यांना बाहेरून तिरपी ताडपत्री आणि आतून मच्छरदाणीचं कापड. वारा खेळला पाहिजे.

२१ ऑगस्ट

आकडे: २६, २७, २५. ख५ च्या उजव्या दारावर हिरवट बुरशी. व्हिनेगरने पुसलं, पट्ट्या बदलल्या. दुसरं काही नाही.

९ सप्टेंबर, गुरुवार

उद्या गणपती. आणि खाली सहाही खिडक्यांना निळी ताडपत्री.

आज माझा धीर सुटता सुटता राहिला. आई दीड महिना खोकतायत, रात्री ताडपत्री फडफडली की दचकून उठतात, पाणी आलं का विचारतात. समोरच्या घरी खिडक्या बसवून रंगही झाला, चकचकीत दिसतो. मुलगा म्हणाला, आपलीही दारं गणपतीपुरती लावूया, नंतर काढू. मी सुया टोचल्या: २३. वरच्या खिडकीला १७. लावली असती तर फुगलेल्या मापाने रंधा मारावा लागला असता आणि थंडीत वाळल्यावर प्रत्येक दाराभोवती बोटभर फट राहिली असती. वर ओल्या लाकडावर रंगाचा थर म्हणजे पाणी आत कोंडून वर झाकण लावल्यासारखं.

मखर वरच्या मजल्यावर केलं. आईंना जिना चढवून वर नेलं, गणपती येईपर्यंत त्या तिथेच खुर्चीवर बसणार म्हणाल्या.

२६ सप्टेंबर, रविवार

बिजागऱ्या. सहा खिडक्यांच्या जुन्या पितळी बिजागऱ्या २४, सगळ्या काळ्या पडलेल्या. आईंनी परातीत आमसुलं भिजत घातली आणि त्याच पाण्यात एकेक बिजागरी अंगठ्याने चोळत बसल्या. तासाभरात पितळ वर आलं. एकीच्या आतल्या अंगावर बारीक अक्षरं दिसली, बनवणाऱ्याचा ठसा असावा, पण झिजून गेलेला, वाचता येत नाही. आईंनी ती चष्म्याजवळ धरून बराच वेळ पाहिली आणि वेगळी ठेवली. ती देवघराच्या खिडकीलाच लावायची असं त्यांनी बजावलं आहे.

पुरानंतर त्यांनी स्वतःहून हातात घेतलेलं हे पहिलं काम.

१६ ऑक्टोबर, शनिवार

काल दसरा झाला. पाऊस माघारी गेला. ४ तारखेपासून शाळा प्रत्यक्ष भरायला लागल्यामुळे आता वेळ शनिवार-रविवारचाच. आकडे: १९, १९, १८, आणि ख५ ची चौकट २५. बाकी सगळं खाली येतंय आणि ही एकच अडली आहे. टोचणीने खालचं आडवं लाकूड दाबलं तर इंचभर आत गेली. वाळवी. पुराच्या आधीपासूनचीच असणार, रंगाखाली दिसली नव्हती.

दारं वाळताना ख२ च्या डाव्या दाराच्या मधल्या काचेला कोपऱ्यातून तडा गेलेला दिसला. काच धरून ठेवणाऱ्या चुका (बारीक खिळे) गंजून फुगल्या होत्या आणि लाकूड आक्रसल्यावर काचेला सरकायला जागा उरली नाही. त्यामुळे उरलेल्या सगळ्या काचा आजच सोडवायला घेतल्या. खालच्या ओळीतलं लुकण (काचेच्या कडेला भरलेली पुट्टी) पुराने सुटलं होतं, ते नखाने निघालं. वरच्या दोन ओळींचं दगडासारखं. हॉट एअर गन कमी आचेवर, काचेच्या बाजूला पत्र्याचा तुकडा आडवा धरून, लुकण मऊ झालं की पत्रीने (पातळ पात्याच्या सुरीने) उचलायचं. तरी दोन काचा माझ्या हातून गेल्या. शाबूत २१ मधल्या आता १८ उरल्या.

३१ ऑक्टोबर, रविवार

सुतारमामा आले. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्यांनी कमी दिसतं, पण लाकडावरून हात फिरवून सांगतात. ख५ च्या चौकटीपाशी उकिडवे बसले, खालच्या लाकडावर बोटाने टकटक करत डावीकडून उजवीकडे गेले. आवाज जिथे पोकळ झाला तिथे पेन्सिलची रेघ मारली. मी म्हटलं, "मामा, चौकट बदलायची का सगळी?" ते म्हणाले, "कशाला वैनी? पाय खराब झाला म्हणून माणूस टाकतात काय? खालची पट्टी बदलू."

चौकटीचे दोन उभे खांब खालून पाच इंचांवर तिरपे कापले. उताराचा काप ठेवला तो बाहेरच्या अंगाला खाली झुकणारा, म्हणजे सांध्यात गेलेलं पाणी बाहेरच येईल. जुन्या पडवीच्या तुळईतलं सागवान माळ्यावर होतं, त्याची नवी पट्टी केली. नवं लाकूड बाजारातून आणलं असतं तर ते वेगळ्या गतीने फुगलं-आक्रसलं असतं; हे साठ वर्षं याच हवेत आहे. सांध्याला दोन भागांचा इपॉक्सी गोंद आणि आरपार सागवानी खुंट्या. पट्टी आणि चिरा यांच्यामध्ये डांबरी कागदाचा तुकडा घातला, भिंतीची ओल लाकडात चढू नये म्हणून. आणि पट्टीच्या पोटाला, बाहेरच्या कडेपासून अर्ध्या इंचावर, करवतीने एक उथळ खाच. पागोळी तिथून खाली टपकते, भिंतीकडे ओघळत नाही. मूळ खिडक्यांना ही खाच होतीच, रंगाच्या थरांनी ती बुजली होती. बाकी पाचही खिडक्यांच्या खाचा मामांनी पटाशीने मोकळ्या केल्या.

ख३ च्या सुटलेल्या कोपऱ्याला जुना गोंद खरवडून नवा गोंद आणि एक खुंटी. ख४ च्या उजव्या दाराची खालची पट्टी नवी. एवढंच. बारा दारांपैकी दोनच दारांना सुताराचा हात लागला.

गज: सहाही खिडक्यांचे गज लाकडात शिरतात तिथे गंजून फुगलेत. तारेच्या ब्रशने घासले, रेड ऑक्साइडचे दोन हात दिले, आणि बुडाशी लाकडात पाणी थांबू नये म्हणून लुकणाचा छोटा उतार करायचा ठरवला.

१३ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी झाली. मुदत संपली, भाऊजी आले होते. त्यांनी स्वतः यंत्र घेऊन सुया टोचल्या. खाली १४, वर १३. मग काहीही न बोलता काचांची मापं घ्यायला माझ्याबरोबर बसले.

माप असं घेतलं: प्रत्येक घराची, म्हणजे काच बसते त्या चौकोनाची, रुंदी वर, मध्ये, खाली; उंची डावीकडे आणि उजवीकडे. सगळ्यात लहान आकडा धरायचा आणि त्यातून ३ मिलिमीटर वजा करायचे. लाकूड पावसाळ्यात फुगणार, त्याला जागा ठेवली नाही तर काच तडकते, ते ऑक्टोबरात पाहिलंच. घरं साधारण १६ इंच बाय १३ इंच आहेत, पण हाताने केलेली, त्यामुळे एकही दुसऱ्यासारखं नाही. अठरा मापांचा कागद केला, प्रत्येकावर खिडकी, दार आणि घर लिहिलं.

जुनी काच ३ मिलिमीटरची आहे, नवी ४ ची घेतली. चौरस मीटरला मिलिमीटरमागे अडीच किलो वजन धरतात, म्हणजे एका काचेला फक्त साधारण ३३५ ग्रॅमचा फरक. जुन्या बिजागऱ्या सहज पेलतील. काचवाल्याने विचारलं, उरलेल्या जुन्याही बदलून टाकू का, सगळ्या एकसारख्या दिसतील. मी नको म्हटलं. जुनी काच उन्हात धरली की बाहेरचं नारळाचं झाड किंचित लहरतं. तेव्हाची पत्र्यासारखी ओढून काढलेली काच अशीच असे. आताची वितळलेल्या कथलावर पसरवून करतात म्हणून ती सपाट. देवघराच्या खिडकीत मला लहरणारंच झाड हवं आहे.

२१ नोव्हेंबर, रविवार

लुकणाचा दिवस. बाजारात तयार डबा मिळतो, पण दोन डबे उघडून पाहिले, दोन्ही कडक. घरी केलं: १ किलो खडूची बारीक पूड चाळून, त्यात अळशीचं तेल थोडं थोडं. साधारण १८० ग्रॅम लागलं. कणीक मळतात तसं मळायचं, आणि कणकेसारखीच त्याची परीक्षा: हाताला चिकटत असेल तर पूड कमी, कडेला भेगा पडत असतील तर तेल कमी. पाऊण तास मळल्यावर गोळा गुळगुळीत झाला, ओल्या फडक्यात झाकला.

त्याआधी काल एक काम केलं होतं, ते विसरायचं नाही. काचेच्या खाचांना आतून अळशीचं तेल आणि टर्पेंटाइन समभाग मिसळून एक हात दिला आणि रात्रभर ठेवला. कोरडं जुनं लाकूड तहानलेलं असतं. तेल न पाजता लुकण लावलं तर लाकूड लुकणातलं तेल शोषून घेतं आणि सहा महिन्यांत लुकणाचा भुगा होतो.

आणि तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. अळशीचं तेल वाळताना तापतं, बोळ्याला आपोआप आग लागू शकते. आम्ही फडकी पाण्याच्या बादलीत बुडवली.

बसवायची रीत मामांनी पहिल्या दारावर दाखवली. आधी खाचेत लुकणाची पातळ वळी, चहूबाजूंनी. त्यावर काच ठेवून कडेकडेने दाबायची, मधोमध कधीच नाही. मागच्या अंगाने लुकण थोडं बाहेर येतं, येऊ द्यायचं. तोच पाण्याला अडवणारा खरा थर. मग बारीक पितळी चुका, प्रत्येक बाजूला दोन, हातोडी काचेवरून सपाट सरकवत. मग पुढची वळी, आणि ओल्या पत्रीने एका दमात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, पंचेचाळीस अंशांचा उतार. मामांचा हात मध्ये थांबत नाही. माझा थांबला की तिथे खड्डा पडायचा, पुन्हा खरवडायचं, पुन्हा वळी. शेवटी जमलं. संध्याकाळपर्यंत मामांनी पाच दारं केली, मी दोन.

अळशीच्या तेलाचा वास घरभर. चार महिन्यांनी घरात चिखलाशिवाय दुसरा वास आला.

२ डिसेंबर, गुरुवार

रविवारी ख१ आणि ख२ ची दारं तात्पुरती लावून पाहिली होती. आणि काल डिसेंबरात पाऊस आला, दिवसभर, सगळ्या कोकणात. बागवाल्यांचं नुकसान झालं असणार. माझ्या खिडक्यांची मात्र आपोआप परीक्षा झाली.

सकाळी उठल्याबरोबर मी पहिल्यांदा खिडकीपाशी गेले. चार दारं, बारा काचा. अकरांच्या कडेला आतून बोट फिरवलं, कोरडं. ख२ उजवं, खालची काच: आतल्या बाजूने एक ओघळ. ती मीच बसवलेली. काच काढून पाहिली तर खालच्या खाचेत मागची वळी दोन इंच तुटलेली होती. वळी पुरी करून पुन्हा बसवली. लुकणावर अजून साय धरायची आहे म्हणून काच सहज निघाली; रंगानंतर कळलं असतं तर सगळं खरवडावं लागलं असतं.

१९ डिसेंबर, रविवार

लुकणाला साय धरली, बोट दाबलं की ठसा उमटत नाही. रंग सुरू. आधी प्रायमर, मग ऑइलपेंटचे दोन हात, जुनाच हिरवा. रंगाची रेघ लुकण ओलांडून काचेवर दोन मिलिमीटर घेतली, म्हणजे लुकण आणि काच यांच्यामधली बारीक फट झाकली जाते. दारांची खालची कड, जी कुणाला दिसत नाही आणि रंगारी सोडून देतात, तिला आधी रंग दिला. पाणी तिथूनच चढतं.

गावात गाळ काढण्यासाठी उपोषण चालू आहे. शाळेतून येताना मंडपात थांबले, सही केली. नदीचं पात्र उथळ राहिलं तर आम्ही इथे कितीही नीट काम केलं तरी पाणी पुन्हा त्याच रेघेवर येणार.

९ जानेवारी २०२२, रविवार

दारं चढवली. खालच्या दोन खोल्यांच्या चार खिडक्यांना जुन्या बिजागऱ्यांऐवजी उचलून काढता येणाऱ्या बिजागऱ्या लावल्या आहेत. एक पाकळी चौकटीला पिनसकट, दुसरी दाराला पोकळ. दार नव्वद अंशात उघडून वर उचललं की सुटतं, स्क्रू काढावे लागत नाहीत. कल्पना भाऊजींची. देवघर आणि ख६ ला आमसुलात धुतलेल्या जुन्याच.

दारांच्या वरच्या कडेला पटाशीने नंबर कोरले. खडू पुरात गेला असता.

२९ मे २०२२, रविवार

पावसाळ्याआधीची तालीम. मुलगा आणि भाऊजींची दोन मुलं. चार खिडक्यांची आठ दारं उचलून, चादरी गुंडाळून, जिन्याने वर: २२ मिनिटं. कपाटांना भिंतीत कड्या आणि दोर. गज जागेवर असल्याने घर उघडं पडत नाही, आणि मोकळ्या खिडकीतून पाणी आत-बाहेर होत राहिलं तर भिंतीवरचा भारही कमी राहील.

५ जुलै २०२२, मंगळवार

चार दिवस मुसळधार. परशुराम घाटात दरड आली, रस्ता बंद. नदी वाढतेय असं दुपारी सगळीकडून कळायला लागलं. वाट पाहिली नाही. तीन वाजता मुलाने आणि ह्यांनी आठ दारं उतरवून वर नेली, मी कपाटांचे दोर आवळले. आई आधीच वर जाऊन बसल्या होत्या.

पाणी नाक्यापर्यंत आलं नाही. रात्री नऊला मुलाने विचारलं, दारं परत लावायची का. सकाळी लावू म्हटलं. देवघराची खिडकी तेवढी बंद होती, तिच्यावर पाऊस सपकारे मारत होता. खालच्या काचेच्या कडेवरून आतून बोट फिरवलं. कोरडं होतं.